साबणाआधीचा फेस

बादलीत साबण पडायच्या आधीच फेस होता. गंधारला पायांवर पालथं घेतलं होतं, तेल चोळून झालं होतं, डाव्या हातानं त्याची पाठ धरून उजव्या हातानं तांब्या बुडवला, आणि तांब्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली. आधी वाटलं, साबण निसटून पडला असेल. साबण डबीत होता, कालपासून कोरडा. मी तांब्या तसाच हवेत धरून राहिले. बुडबुडे एकमेकांना चिकटून होते, फुटायची घाई नव्हती त्यांना. गंधारनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांचा आहे. पहिला तांब्या अंगावर पडला की तो दचकतो आणि मग हसतो, रोज, आणि रोज पहिल्यांदाच पाणी भेटल्यासारखा. त्याचा चेहरा त्या दचकण्याची वाट बघत होता. त्या हसण्यासाठी मी ते पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. हे आधीच सांगून टाकते, नंतर सांगायला अवघड जाईल: मी फेस बघितला आणि तरी ओतलं.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, “विशाखा, बादली वाहू देऊ नको बरं.” बादली अर्धीच भरली होती. पण हे वाक्य बादलीकडे बघून म्हटलं जात नाही, माझ्याकडे बघून म्हटलं जातं. लग्न होऊन लातूरला आले त्या दिवसापासून मी या घरात ‘नांदेडची’ आहे. नांदेडची, म्हणजे गंगेकाठची, म्हणजे पाणी सांडणारी. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि गंगा उशाला घेऊन झोपणाऱ्यांना पाण्याची किंमत नसते असं इथल्या माणसांचं पक्कं मत आहे. पहिल्या दिवशी मला अर्धा पेला पाणी दिलं होतं. अर्धाच. शालू, मुंडावळ्या, डोळ्यांत धूर, घशाला कोरड, आणि हातात अर्धा पेला. मला तो अपमान वाटला आणि मी तो मनात जपून ठेवला. नंतर कळलं, इथे पाहुण्यालाही अर्धाच देतात. लागलं तर पुन्हा देतात, पण कुणाचं उष्टं पाणी ओतून द्यायची वेळ येऊ देत नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं फरशीला, फरशीचं संडासाला. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सासूबाईंची तांब्याची घागर. शहराला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून ही घागर कधी रिकामी झालेली नाही. घासायची ती बाहेरूनच, आतल्या पाण्यासकट. खालच्या पाण्यावर वरून भर घालायची, तळ दिसू द्यायचा नाही. मी एकदा म्हटलं होतं, “आई, ही एकदा पूर्ण ओतून टाकू या का?” तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलं एखादं माणूस बाहेर काढायला सांगत होते.

गंधारला पुसताना त्याची मान हुंगली. बाळाच्या मानेत एक वास असतो, दुधाचा, झोपेचा, थोडासा आंबट. त्या वासाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, गॅरेजसमोरच्या ओल्या मातीसारखं. पुन्हा हुंगलं तर नव्हतं. तिसऱ्यांदा होतं. तो गुदगुल्या समजून खिदळत होता आणि मी पोलिसाच्या कुत्र्यासारखी त्याच्या मानेत नाक खुपसून बसले होते. गेला महिनाभर त्याला अधूनमधून पातळ होत होतं. दात येताहेत, सासूबाई म्हणाल्या. दात येत असतील, डॉक्टरही म्हणाले. मीही रोज त्याच्या हिरडीवरून बोट फिरवून दात शोधत होते. तो एक न आलेला दात महिनाभर आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी घेत होता.

लग्नाआधी मी नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवत होते. पाणी, सांडपाणी, निचरा. माझ्या ट्रंकेत पुस्तकांखाली पाणी तपासायच्या दोन बाटल्या राहिल्या होत्या, बोटभर उंचीच्या, मुदत संपायला दोन महिने उरलेल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेत ठेवून द्यायचं. दीड दिवसात पाणी आहे तसं पिवळट राहिलं तर ठीक. काळं झालं तर त्यात माणसाची नाहीतर जनावराची घाण मिसळलेली आहे. एवढं सोपं. मुलींना मी हे वर्गात हसत हसत शिकवायचे. काळी झालेली बाटली वर धरून दाखवायचे आणि मागच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. तेव्हा ते पाणी कुणाचंतरी असायचं. गंधार झोपल्यावर मी एक बाटली बोअरच्या नळाखाली भरली. दुसरी घेऊन स्वयंपाकघरात गेले, सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या तेवढ्यात, आणि घागरीतून भरली. का भरली माहीत नाही. घागरीवर संशय घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात थोडी मजाही होती. दोन्ही बाटल्या गंधारच्या दुपट्यांच्या घडीत ठेवल्या, त्याच्या कुशीलगत, उबेला. सासरे दारातून म्हणाले, “काय ठेवलंस ते?” मी म्हटलं, “बाळाचं औषध.” सासरे, माधवराव, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेत. उत्तर बरोबर आहे की नाही ते त्यांना आवाजावरून कळतं असं ते सांगतात. कळलं नाही.

त्या दिवशी दुपारी तो झोपलेला आणि मी त्याच्याशेजारी कुशीवर, त्याच्या पाठीमागे दोन बाटल्या, आणि मला नांदेड आठवत राहिलं. घाटाच्या खालच्या अंगाला शहरातला एक नाला नदीला येऊन मिळायचा, तिथे पावसाळ्यानंतर फेसाचे ढीग साचत. मी सात-आठ वर्षांची. मला ते बर्फ वाटलं. मी बर्फ कधी पाहिला नव्हता, फक्त कॅलेंडरवर. मी दोन्ही हात घालून तो उचलला, हलका, काहीच वजन नसलेला, आणि ओंजळीत धरून घरापर्यंत पळत आले, आईला दाखवायला. घरी पोचेपर्यंत ओंजळीत फक्त एक राखाडी ओल राहिली होती. आईनं हात हुंगले आणि मला कानाखाली मारली. मग विटेच्या तुकड्यानं माझे हात घासले, लाल होईपर्यंत, आणि घासता घासता स्वतःच रडायला लागली. “पाणी कुठून आलं ते बघायच्या आधी हात घालतेस?” असं म्हणत होती. मला तिचा राग आला होता. आज मला तिचे हात आठवतात, माझे नाहीत. ती एवढी का घाबरली होती ते मला आता, बाटल्यांच्या आणि बाळाच्या शेजारी आडवं पडून, कळत होतं. आणि ती नांदेडला दोन खोल्यांत टीव्ही बघत बसली असेल, तिला मी फोन केला नाही.

कारण पाणी जिरवायचा खड्डा माझाच आहे. गल्लीच्या खालच्या टोकाला, सगळ्यांच्या सामाईक बोअरभोवती. लग्न होऊन चार महिने झाले होते. बोअर आटत चालला होता आणि सासऱ्यांनी मला विचारलं, “तुझा विषय आहे ना हा? काढ बरं आकृती.” या घरात मला पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारत होतं. मी आकृती काढली: मोठे दगड, मग खडी, मग वाळू, कोळसा, मधल्या पाइपाला भोकं आणि त्यावर जाळी. बारा घरांच्या गच्चीचं पाणी नळीनं खड्ड्यात, खड्ड्यातून जमिनीत, जमिनीतून बोअरला. फक्त गच्चीचं. सासऱ्यांनी कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, “आणि रस्त्याचं? एवढी गल्ली उताराची. पाऊस पडला की नालीनं सगळं पाणी खालच्या कॉलनीत जातं. आमच्या डोक्यावर पडलेलं पाणी आम्ही त्यांना का द्यायचं?” बाकीची माणसंही म्हणाली, का द्यायचं. नालीच्या कडेला भोक पाडून सहा इंची पाइप खड्ड्यात सोडायचं ठरलं. नालीत काय काय येतं ते मला माहीत होतं. गल्लीच्या वरच्या टोकाला भुजंगअप्पांचं गाड्या धुवायचं सेंटर आहे, त्याचं साबणाचं, तेलाचं पाणी नालीत येतं. दोन घरांच्या संडासाच्या टाक्या पावसाळ्यात भरून नालीत वाहतात. उन्हाळ्यात ते सगळं थेंबाथेंबानं वाळून बसतं आणि पहिली जोराची सर त्याला उठवून खाली आणते. वर्गात मी हेच शिकवलं होतं, रस्त्याचं पाणी विहिरीत नाही, बोअरात नाही, कधीच नाही. माझ्या तोंडापर्यंत ते आलं. आणि तेवढ्यात सासूबाई आतून पूर्ण भरलेला पेला घेऊन आल्या. पूर्ण. “घे,” म्हणाल्या, “दमली असशील आकृत्या काढून.” मी तो पेला प्यायले. सगळा. त्यासोबत ते वाक्यही गिळलं.

खड्ड्याच्या झाकणाचं सिमेंट ओलं असताना माझा हात हळदीत बुडवून त्यावर ठसा उमटवला. पेपरात फोटो आला. पुढच्या पावसाळ्यात बोअरचं पाणी साठ फूट वर आलं, लांबलांबून लोक बघायला आले, आणि घरोघरचे पाण्याचे जार बंद झाले. बोअरचं पाणी, गाळून, प्यायला. “आमच्या विशाखानं केलं,” सासरे सांगायचे. आमच्या विशाखानं. मी लाजायचे. हळद पहिल्याच सरीत गेली, ठसा राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चतुराबाई भांड्यांना आली. मी गंधारला मांडीवर घेऊन मोरीजवळ बसले आणि विचारलं, “पाण्याला वास येतो का गं?” तिनं हातातला डाव घासायचा थांबवला. दाराकडे बघितलं. “ताई, बोलू का? कुनाला सांगू नका, माझं काम जाईल.” मी मान हलवली. “तुमच्या गल्लीचं पानी मी घरी नेत न्हाई आता. आदी रोज एक कळशी न्यायची. आमच्या नातीला जुलाब लागले तवापासनं बंद केलं.”

“कधीपासून?”

“आखाडापासनं.”

“दोन महिने? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?”

ती डाव घासायला लागली, जोरानं. “कसं सांगू? तुमीच बांदलाय म्हनत्यात. तुमचा हात हाय की त्याच्यावर.” मग गंधारकडे बघून, वेगळ्याच आवाजात, “माझं सोनं गं ते. सुकलं किती.” मला तिचा राग आला. मग तिचाच येतोय हे बघून स्वतःचा आला. तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी गंधारला घट्ट धरलं आणि तो रडायला लागला.

दुपारी दोनला दुपट्यांची घडी उघडली. दोन्ही बाटल्या काळ्या होत्या. मला वाटलं होतं एक होईल. काळ्या म्हणजे काजळासारख्या, उजेडाकडे धरल्या तरी आरपार काही दिसेना. झाकण न उघडताही मला वास आला. तो खरा नसणार. गंधार उताणा झोपला होता, दोन्ही मुठी कानांपाशी, ओठ झोपेत दूध पीत होते. मी रविकांतला फोन लावला. माझा नवरा जवळच्या मुरुडला कॉलेजात शिकवतो, एसटीनं जाऊन येऊन करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागे मुलांचा गलका चालू होता. “बाबांना आत्ता सांगू नको,” म्हणाला. “खड्डा म्हणजे त्यांचा जीव आहे. पावसाळा जाऊ दे, मग बघू.”

“आणि गंधार?”

“त्याला तू उकळूनच देतेस ना?”

“अंघोळ? आणि बाकीची अकरा घरं?”

“विशाखा, माझा तास आहे.” फोन ठेवला. खिडकीतून दिसत होतं, औशाच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं. तीन दिवसांची उघडीप होती. तीन दिवस नालीत सगळं साचलं होतं. आज पडला तर ते सगळं सहा इंची पाइपातून, माझ्या हाताच्या ठशाखालून, खाली जाणार होतं. आणि उद्या सकाळी अकरा घरांतल्या बायका त्याच पाण्यात भात शिजवणार होत्या. यातल्या एकीनंही मला आजवर वाईट वागवलं नव्हतं, हे मला त्या क्षणी फार जाचक वाटलं.

चार वाजता सासरे आणि भुजंगअप्पा ओट्यावर बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन गेले. दोन कप, आणि कपांच्या मध्ये दोन बाटल्या. मी असं का केलं मला सांगता येणार नाही. तोंडानं बोलायला गेले असते तर पुन्हा गिळलं असतं.

“ही काय दौत आणली का, सूनबाई?” भुजंगअप्पा हसले.

“आपलं पाणी आहे. कालपासून ठेवलं होतं. घाण असली की असं काळं होतं.”

सासऱ्यांनी बाटली उचलली, चष्मा वर केला, खाली केला. “एका बाटलीवरून सिद्धान्त मांडत नसतात, बाळ.”

“दोन आहेत. एक नळाची. एक घागरीतली.”

दाराआड सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी भरभर बोलत गेले, वर्गात बोलायचे तशी: नालीचं पाणी खड्ड्यात येतंय, त्याचं तोंड आजच बुजवायला हवं, पाऊस यायच्या आत, फक्त गच्चीचं पाणी घ्यायचं, अप्पांच्या सेंटरचं पाणी वेगळ्या टाकीत जिरवायचं, टाक्या उपसायच्या, आणि बोअर दोन दिवस चालू ठेवून आतलं पाणी काढून टाकायचं, औषध टाकायचं.

“काढून टाकायचं?” भुजंगअप्पांनी कप खाली ठेवला. “कुठं टाकायचं? नालीत? खालच्या कॉलनीत?” ते सासऱ्यांकडे वळले. “गुरुजी, ही पोरगी काय बोलायलीय ऐकताव का? लातुरात बोअर उपसून पानी सोडून द्या म्हनते. सूनबाई, तुमच्या नांदेडला गंगा हाय, तिथं सोडा. हितं आमी बायकापोरं घेऊन टँकरमागं पळालेली मानसं हाव. खालच्या कॉलनीवाल्यांनी पढवून पाठवलं का तुमाला? का माझं सेंटर डोळ्यांत खुपायलंय?”

“अप्पा, माझं लेकरू महिनाभर—”

“लेकराला दात यायलेत. समद्यांच्या लेकरांला येतेत.”

सासरे अजून बाटलीच बघत होते. त्यांच्या बोटांना खडूचा जुना कोरडेपणा आहे, त्यांनी बाटली उजेडाकडे फिरवली. लांब कुठेतरी गडगडलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला ज्याची मी दोन वर्षं वाट बघत होते आणि ज्याच्यापासून पळत होते.

“तुला हे तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तेव्हा तुम्ही सगळे पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलत होतात.”

हे उत्तर बरोबर आहे हे त्यांना आवाजावरून कळलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी बाटली ट्रेमध्ये ठेवली, आडवी, आणि ती घरंगळून कपाला लागली. “पाऊस येतोय,” म्हणाले. “आत जा. मुलाकडे बघ.” मला माहीत होतं, या घरात आता मला यापुढे काही विचारलं जाणार नाही. मी आत गेले. गंधार उठला होता, छताकडे बघून स्वतःशी बोलत होता. त्याच्या मुठीत बोट दिलं, त्यानं ते धरलं, तोंडात घातलं, आणि माझ्या बोटाला त्याच्या हिरडीवर काहीतरी टोचलं. बारीक, तांदळाच्या कणीएवढं. दात. खरंच येत होता. मला हसू आलं, आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं असताना पहिले टपोरे थेंब खिडकीच्या पत्र्यावर वाजले.

मी त्याला सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी घेतला, माझ्याकडे न बघता. मग मी त्याची जुनी दुपटी उचलली, सगळी, कडा विरलेली, पिवळे डाग न निघालेली, पहिल्या दिवसापासूनची, आणि बाहेर पडले. शेजारच्या बांधकामावर सिमेंटची रिकामी पोती होती. दोन पोत्यांत हातानं वाळू भरली. ओढत नेली. नाली वरच्या बाजूनं भरून येत होती आणि तिच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्याही आधी, फेस येत होता, पांढरा, सावकाश, ओळखीचा. पाइपाच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि दुपटी कोंबायला लागले. एक. दोन. तिसरं पाण्यानं परत बाहेर ढकललं, ते पुन्हा कोंबलं. हातांना तेलकट लागत होतं. मला विटेचा तुकडा आठवला. सगळी दुपटी गेली तेव्हा वरून पोती लावली आणि त्यांवर बसले, सरळ बसले, कारण माझ्याकडे दुसरं वजन नव्हतं.

पाणी थोडा वेळ घुटमळलं. मग त्याला नालीचा जुना रस्ता सापडला आणि ते खड्ड्याला वळसा घालून पुढे निघालं, खालच्या कॉलनीकडे, तिथून ओढ्याकडे. ते तिथेही घाणच होतं. हे मला कळत होतं, यानं काही सुटलेलं नाही, फक्त माझ्या दारातून पुढे गेलंय. सगळ्या ओट्यांवर माणसं आली होती. कुणी मला उठवायला आलं नाही, कुणी मदतीला आलं नाही. भुजंगअप्पा वरून ओरडले, “पानी चाललं! गुरुजी, समदं पानी चाललं!” घरात कुणी गेल्यावर ओरडतात तसा आवाज होता तो, आणि मी त्यांच्यावर दात ओठ खात बसले होते तरी तो आवाज मला खोटा वाटला नाही. सासरे ओट्यावर उभे होते. त्यांनी छत्री उघडली, दोन पायऱ्या उतरले, आणि तिथेच थांबले. झाकणावरचा माझा ठसा पाण्यानं भरला होता, पाची बोटं, एवढं एवढं पाणी प्रत्येकात.

सर ओसरल्यावर घरी आले. साडीतून पाणी गळत होतं, हाताला वास येत होता, गंधारला घेता येत नव्हतं. सासूबाई मागच्या अंगणात होत्या. कडेवर गंधार, आणि पायाशी, दगडावर, घागर. त्यांनी ती एका हातानं स्वयंपाकघरातून तिथवर कशी आणली असेल? मला बघून त्यांनी गंधारला खाली सतरंजीवर बसवलं. मग दोन्ही हातांनी घागर धरली आणि कलती केली. पाणी आधी घाबरत आलं, मग भसकन. त्या थांबल्या नाहीत. तळाचं पाणी येईपर्यंत, तळाचा हिरवा गाळ येईपर्यंत धरून राहिल्या, रेल्वेच्या उन्हाळ्यापासूनचं सगळं. त्यांच्या मनगटांच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या.

“तुझं उकळलेलं पाणी मेलेलं असतं, म्हणून मी त्याला यातलंच पाजत होते,” त्या म्हणाल्या. “रोज दोन चमचे. तू झोपलीस की.” घागर दगडावर आपटली. रिकाम्या घागरीचा आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी मान वर केली. त्या डोळ्यांत माया शोधायला गेले असते तर मूर्ख ठरले असते. “सांडलं सगळं. झालं समाधान?”

पाणी फरशीवरून पसरत, गंधारच्या सतरंजीला वळसा घालून, अंगणाच्या उताराला लागलं. तो हात आपटून त्याच्याकडे झेपावत होता आणि हसत होता, नवा दात दाखवत. माझं लक्ष त्या पाण्याकडे होतं, ते निघून चाललं होतं, आणि मी बघितलं तर माझा हात आपोआप मागे, भिंतीशी ठेवलेल्या बादलीकडे गेला होता, आणि मी उताराच्या तोंडाशी ती आडवी लावून बसले होते.